दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे कसे? नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

सातबाऱ्यावरचा 'हेक्टर' आणि शाळेतले 'टीचर' या दोन्ही शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग त्याच सात अक्षरांचं आहे: टी, ई, ए, सी, एच, ई, आर. फसवणारा 'चीटर'सुद्धा याच सात अक्षरांतून होतो. कानाला या तिघांचं काही नातं लागत नाही. म्हणूनच मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'टीचर'ची अक्षरं देऊन शब्द शोधायला सांगितले, की ते 'कॅट', 'हॅट', 'टी' लिहितं आणि तिथेच थांबतं.

यात हुशारीचा प्रश्न नाही. आपण लहानपणापासून उच्चारावरून लिहायला शिकतो आणि देवनागरीत ते जमतं. त्यामुळे इंग्रजी अक्षरं समोर आली तरी आपण मनात उच्चार जुळवत बसतो. इंग्रजी शब्द मात्र डोळ्यांनी शोधावा लागतो. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांना मी वर्षाच्या सुरुवातीला हेच शिकवते, कारण इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत दिलेल्या शब्दाच्या अक्षरांतून चार शब्द तयार करायची कृती दोन गुणांची असते आणि ते दोन गुण पाठांतराशिवाय मिळतात. वर्तमानपत्रातली इंग्रजी शब्दकोडी, स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द करायचा खेळ) आणि मोबाइलवरचं वर्डल (लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ) यांनाही हीच पद्धत चालते.

एक सूचना आधीच देते. या लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावानं लिहिली आहेत. वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक उदाहरण इंग्रजी कॅपिटल अक्षरांत कागदावर उतरवा. नुसतं वाचलं तर पुन्हा कानच काम करेल.

आधी प्रश्न ओळखा

'ही अक्षरं असलेले शब्द शोधा' असं म्हटलं, की त्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला अर्थ: फक्त दिलेलीच अक्षरं वापरायची आणि प्रत्येक अक्षर जितक्या वेळा दिलंय त्याहून जास्त वेळा नाही. दहावीची कृती, अक्षरांची उलटापालट केलेली कोडी आणि स्क्रॅबल या प्रकारात मोडतात.

दुसरा अर्थ: दिलेली अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकीची कुठलीही चालतील. वर्डलमध्ये पिवळं झालेलं अक्षर हेच सांगतं, की ते शब्दात आहे पण या जागी नाही.

तिसरा अर्थ: अक्षरांच्या जागा ठरलेल्या आहेत, मधल्या रिकाम्या घरांत काय येईल ते शोधायचं. आडव्या-उभ्या शब्दकोड्यात हेच असतं, आणि कृतिपत्रिकेतल्या 'योग्य अक्षरं भरून शब्द पूर्ण करा' या कृतीतही.

कुठला प्रकार आहे ते ठरवल्याशिवाय पेन्सिल टेकवू नका. पहिल्या प्रकारात बाहेरचं एक अक्षर घुसलं तरी शब्द बाद होतो, आणि दुसऱ्या प्रकारात बाहेरची अक्षरं घेतली नाहीत तर शब्दच सापडत नाहीत.

अक्षरं मोडून मांडा

दिलेला शब्द जसाच्या तसा समोर ठेवलात तर डोळा तोच शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहतो. म्हणून तो मोडा. वरच्या ओळीत स्वर लिहा, म्हणजे ए, ई, आय, ओ, यू यांपैकी जे असतील ते. खालच्या ओळीत बाकीची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लिहा. वाय असेल तर तो मधे ठेवा, कारण तो दोन्हीकडची कामं करतो.

एखादं अक्षर दोनदा असेल तर दोनदाच लिहा. 'टीचर'मध्ये ई दोन आहेत, म्हणून 'थ्री' आणि 'देअर' दोन्ही मिळतात. मुलं ई एकदाच उतरवतात आणि हे दोन्ही शब्द हातचे जातात.

शेवट पकडा

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर घालवते, आणि तुम्हीही घालवा.

'एज्युकेशन' हा शब्द घेऊ. वरच्या ओळीत ए, ई, आय, ओ, यू. खालच्या ओळीत सी, डी, एन, टी. पाचही स्वर हजर आहेत. आता शब्दाची सुरुवात शोधू नका. इंग्रजी शब्दांचे शेवट ठरावीक असतात आणि ते थोडे असतात: आयएनजी, ईडी, ईआर, एलवाय, टीआयओएन, एमईएनटी, एनईएसएस. यातलं काय काय आपल्या अक्षरांत बसतं ते बघा.

टीआयओएन, म्हणजे उच्चारी 'शन', बसतं. ही चार अक्षरं उचलून कागदाच्या उजव्या कडेला लिहा. हातात उरली ई, डी, यू, सी, ए. त्यातली ए आणि सी 'शन'च्या आधी लावा, 'ॲक्शन' मिळाला. सी, ए, यू लावा, 'कॉशन' मिळाला, म्हणजे सावधगिरी. तीच तीन अक्षरं ए, यू, सी अशी फिरवा, 'ऑक्शन' मिळाला, म्हणजे लिलाव. अजून ई आणि डी शिल्लक आहेत, आणि ईडी हा तर आणखी एक शेवट. तो मागे जोडला की 'कॉशन्ड' आणि 'ऑक्शन्ड'. हे दोन्ही शब्द पूर्ण नऊ अक्षरांचे आहेत, 'एज्युकेशन'मधलं एकही अक्षर वाया गेलेलं नाही. एक शेवट पकडला आणि पाच शब्द हातात आले.

आता 'शन' परत मोडा आणि फक्त ईडी शेवटी ठेवा. त्याच्या आधी टी, आय लावून 'टाइड', म्हणजे बांधलेला. त्याच्या आधी यू, एन लावा, 'अनटाइड', सोडलेला. तीच सहा अक्षरं हलवली की 'युनायटेड'. 'टाइड'ची चार अक्षरं टी, आय, ई, डी आहेत आणि या चारांतूनच 'डाएट', 'एडिट' आणि भरती-ओहोटीचा 'टाइड'ही निघतो. मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवते तेव्हा ती स्वतःहून पुढचे शब्द ओरडू लागतात.

शेवटांइतकेच सुरुवातीचे ठरावीक तुकडेही बघून घ्या: यूएन, आरई, आयएन, डीआयएस. 'एज्युकेशन'मध्ये आयएन पुढे ठेवला की 'इंड्यूस' आणि 'इंडक्ट' मिळतात. ते कठीण आहेत, दहावीच्या मुलानं त्यांच्या मागे लागू नये.

न ऐकू येणारी अक्षरं

हातात के, एन, ओ, टी अशी चार अक्षरं असतील तर आपण 'नॉट' आणि 'टन' लिहितो आणि के बाजूला टाकतो. पण के पुढे ठेवला की 'नॉट' म्हणजे गाठ हा चौअक्षरी शब्द तयार होतो. उच्चार तोच असल्यामुळे कान सांगतो की हा शब्द झालाय.

म्हणून मुक्या जोड्यांची एक छोटी यादी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवा. सुरुवातीला केएन: नी, नाइफ, नो. सुरुवातीला डब्ल्यूआर: राइट, राँग, रिस्ट. शेवटी एमबी: लॅम, कोम, थम. मधे जीएच: नाइट, लाइट, राइट. ही अक्षरं दिसली की उच्चार बाजूला ठेवायचा आणि जोडी लावून बघायची.

यातलं सगळ्यात उपयोगी मुकं अक्षर म्हणजे शेवटचा ई. तीन अक्षरी शब्द सापडला आणि ई मोकळा असेल, तर तो मागे लावून बघाच. 'एज्युकेशन'मधूनच पाहा: 'नॉट'चा 'नोट', 'कट'चा 'क्यूट', 'कॉड'चा 'कोड', 'डिन'चा 'डाइन', 'कॅन'चा 'केन'. कृतिपत्रिकेत कमीत कमी चार अक्षरांचा शब्द मागितला असेल तर हा ई तुमचं निम्मं काम करतो.

जोड्यांच्या जागा

काही जोड्या शब्दाच्या ठरावीक टोकालाच राहतात. सीके आणि एनजी इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. बीआर, पीएल शेवटी येत नाहीत. टीएच, एसएच, सीएच दोन्ही टोकांना येतात. क्यूच्या मागे बहुतेक वेळा यू असतोच. शब्द व्हीनं संपणं फार दुर्मीळ, तिथे मागे ई येतो: हॅव, गिव्ह, लव्ह.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला ही माहिती फार कामाला येते. समजा पाच अक्षरी शब्द हवाय आणि त्यात आर, टी, एच असायलाच हवेत. टीएच जोडी सुरुवातीला ठेवा: थ्री, थ्रो, थर्ड, देअर. शेवटी ठेवा: अर्थ, नॉर्थ, वर्थ, बर्थ, ट्रुथ. मधे ठेवा: अदर. आता जोडी फोडा, म्हणजे एच दुसऱ्याच अक्षराच्या गळ्यात घाला: चार्ट, शॉर्ट, शर्ट, राइट. 'हार्ट' राहिलाच, आणि तो तर 'अर्थ'च्याच पाच अक्षरांचा आहे. जोडी आधी एकत्र, मग फोडून, हा क्रम पाळला की फारसं काही सुटत नाही.

दोन-तीन अक्षरं ठाऊक आहेत आणि बाकी अंदाजानं भरायची आहेत, तेव्हा आधी कुठली भरायची? स्क्रॅबलच्या पिशवीतून उत्तर मिळतं. अमेरिकेच्या आल्फ्रेड बट्स यांनी १९३८ च्या सुमारास या खेळाला आकार दिला तेव्हा वर्तमानपत्रातल्या मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सोंगट्या ठरवल्या. इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर, टी प्रत्येकी ६. जे, के, क्यू, एक्स, झेड मात्र एकेकच. रिकाम्या घरात आधी ई, ए, मग आर, टी, एन असा क्रम लावा. वर्डलमध्ये सहाच प्रयत्न असतात, त्यामुळे पहिला शब्द 'क्रेन' किंवा 'स्लेट'सारखा, नेहमीच्या अक्षरांचा टाकावा.

लिहिण्यापूर्वी मोजा

'एज्युकेशन'मधून मुलं हमखास 'नेशन' लिहितात. दिसतो अगदी बरोबर. पण 'नेशन'ला दोन एन लागतात आणि आपल्याकडे एकच आहे. शब्द लिहिला की मूळ अक्षरांवर एकेक टिंब देत जा. टिंब द्यायला अक्षर उरलं नाही तर शब्द खोडा. परीक्षेत ओळखीचे, छोटे, स्पेलिंगची खात्री असलेले चार शब्द लिहावेत. मोठा शब्द लिहिल्यानं जास्त गुण मिळत नाहीत. माणसांची, गावांची नावं टाळावीत.

संगणकाची मदत

कागदावर प्रयत्न करून झाल्यावरच संगणक उघडा, नाहीतर वरच्या सगळ्या सवयी लागायच्या राहतील. पण मोठी कोडी सोडवणाऱ्याला किंवा मुलांसाठी सराव काढणाऱ्या शिक्षकाला संगणक हवाच.

आधी शब्दांची यादी लागते. 'एनेबल' नावाची यादी सर्वांना वापरायला मोकळी आहे, तिच्यात सुमारे १ लाख ७३ हजार शब्द आहेत. मॅकवर एक यादी आधीपासूनच असते, पण ती १९३४ च्या वेबस्टर शब्दकोशावरून केलेली आहे. तिच्यात जुने शब्द ढीगभर आणि साधी अनेकवचनं मात्र बहुतेक गायब, म्हणून मुलांसाठी ती घेऊ नका.

यादी एक्सेलच्या पहिल्या रकान्यात चिकटवा. दुसऱ्या रकान्यात 'लेन' फंक्शननं शब्दाची लांबी काढा. पुढच्या रकान्यांत हव्या त्या प्रत्येक अक्षरासाठी 'सर्च' फंक्शन लावा. अक्षर सापडलं तर ते पहिल्यांदा कितव्या जागी आलंय तो आकडा मिळतो, नाही सापडलं तर चूक दाखवतो. मग चुका गाळून फिल्टर लावला की दुसऱ्या प्रकारचा प्रश्न सुटला. तिसऱ्या प्रकारासाठी फिल्टरमध्येच प्रश्नचिन्ह आणि तारा वापरता येतात: प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं. 'वनलूक' या ऑनलाइन शब्दकोशातही हीच दोन चिन्हं चालतात, त्यामुळे यादी उतरवायची नसेल तर थेट तिथे शोधा.

पहिल्या प्रकारात दिलेली सगळी अक्षरं वापरणारे शब्द हवे असतील तर मात्र वेगळी युक्ती लागते, आणि ती मला फार आवडते. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावून ती त्या शब्दाची किल्ली म्हणून शेजारी लिहायची. 'टीचर'ची किल्ली ए, सी, ई, ई, एच, आर, टी. 'हेक्टर'ची तीच आणि 'चीटर'चीही तीच. आता यादी शब्दांवर नाही, किल्ल्यांवर क्रमानं लावली, की एकाच अक्षरांचे सगळे शब्द आपोआप एकाखाली एक येऊन बसतात. पायथन ही संगणकभाषा येणाऱ्याला हे 'सॉर्टेड' फंक्शननं चार-पाच ओळींत जमतं. घरात कुणी हिंजवडीला आयटीत नोकरी करत असेल तर त्याच्याकडून करून घ्या.

कुठलाही कोश ज्या क्रमानं लावलेला असतो, त्याच क्रमाच्या प्रश्नांना तो उत्तर देतो. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश तयार होतो आहे. त्यासाठी जमवलेल्या चिठ्ठ्या सुमारे एक कोटी आहेत आणि त्या शब्दांच्या वर्णक्रमानं लावलेल्या आहेत. क्रम नसता तर त्या कोटीतून एक शब्द काढणं अशक्य झालं असतं. आपला छापील इंग्रजी कोशही पहिल्या अक्षराच्या क्रमानं लावलेला असल्यामुळे 'सीनं सुरू होणारे शब्द' तो लगेच देतो, पण 'सीनं संपणारे' विचारले तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळावा लागतो. अशा वेळी संगणकाकडे वळा.

शब्दकोशात बघा

संगणकानं दिलेले सगळे शब्द घेऊ नका. स्क्रॅबलच्या याद्यांत 'क्यूआय'सारखे दोन अक्षरी शब्द चालतात, ते शाळेच्या वहीत लिहू नयेत. शिवाय आपली बालभारतीची पुस्तकं ब्रिटिश स्पेलिंग वापरतात आणि वर्डल अमेरिकन. 'कलर' ब्रिटिश पद्धतीनं सहा अक्षरी, अमेरिकन पद्धतीनं पाच अक्षरी. खेळताना अमेरिकन घ्या, उत्तरपत्रिकेत ब्रिटिश.

घरात एक छापील कोश हवाच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात विद्यार्थ्यांसाठीचे इंग्रजी-मराठी कोश सहज मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा: शब्दाबरोबर उच्चार देवनागरीत दिलाय का, आणि क्रियापदांची ईडी, आयएनजी लावलेली रूपं दिली आहेत का. विकत घ्यायचा नसेल तर ग्रंथालयात बसून बघता येतो. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून वाचकांची सोय करतं आहे.

रोजचा सराव

सरावाला पाटी-पेन्सिलही लागत नाही. पुण्यातल्या बहुतेक गाड्यांवर एमएच १२ असतं, पिंपरी-चिंचवडच्या गाड्यांवर एमएच १४. सिग्नलला थांबलात की समोरच्या गाडीची अक्षरं घ्या. मुलानं मागे बसून हा खेळ खेळावा, गाडी चालवणाऱ्यानं फक्त ऐकावं.

पहिल्या आठवड्यात फक्त एम आणि एच घ्या. आधी एम, नंतर कुठेतरी एच: मंथ, माउथ, मॅच, मार्च, मेथड. मग अवघड प्रश्न विचारा: एमला लगेच चिकटून एच असलेला शब्द? दोन शब्दांच्या सांध्यावर बघा, 'फार्महाउस' सापडतो. पुढच्या आठवड्यात आकड्यांच्या मधली अक्षरंही घ्या. तिथे आर, टी असतील तर चार अक्षरं झाली: एम, एच, आर, टी, कुठल्याही क्रमानं. आता टीएच जोडी एकत्र ठेवून सुरुवात करा. मधे ठेवली की 'मदर', पुढे ठेवली की 'थर्मास', शेवटी ठेवली की 'वॉर्म्थ'. जोडी फोडली की 'हॅम्स्टर'. आणि मूल ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही न वापरता शब्द सांगा म्हणून हट्टाला पेटलं, तर त्याला 'रिदम' द्या: आर, एच, वाय, टी, एच, एम.